छप्पर वर घेताना

पॉप-अप कॅम्पर म्हणजे मोटारीच्या मागे जोडून न्यायची घडीची खोली. रस्त्यावर असताना ती जेवणाच्या डब्यासारखी बंद असते, जेमतेम छातीएवढ्या उंचीची. मुक्कामावर पोचलं की मालक पुढच्या बाजूचं हँडल फिरवायला लागतो, झाकण सरळ वर चढतं आणि त्याचंच छप्पर होतं. मग दोन्ही टोकांचे पलंग बाहेर ओढायचे, कापडी भिंती ताणायच्या, दार बसवायचं, की घर तयार. निघायच्या दिवशी हेच सगळं उलट्या क्रमाने.

या सगळ्या गमतीचा भार छप्पर उचलणाऱ्या यंत्रणेवर असतो. बहुतेक जुन्या रचनांत हँडलमागे विंच असते. ती पोलादी तारेचा दोर गुंडाळत जाते. हा मुख्य दोर गाडीच्या तळाखाली ओढला जातो आणि त्याच्याशी जोडलेले दोर कप्प्यांवरून वळत चार कोपऱ्यांकडे जातात. कोपऱ्यातल्या खांबांत नळीत नळी बसवलेली असते. दोर ताणला की आतली नळी वर सरकते. दोन माणसांना न पेलणारं छप्पर एक माणूस एका हाताने उचलतो ते या कप्प्या आणि दातेरी चाकांच्या जोरावर.

निगेचे नियम थोडे आहेत, पण एकही टाळता येत नाही. विंचच्या दातेरी चाकांना ग्रीस लावायचं, तिच्या ब्रेकच्या चकत्यांना मात्र चुकूनही नाही, कारण ब्रेक घर्षणावर चालतो आणि वंगण लागलं की छप्पर सुटतं. ठरलेल्या उंचीला पोचलं की थांबायचं, आणखी एक फेरा दिला तर दोर तुटायचा. एक कोपरा मागे राहिला तर जोर लावायचा नाही, आधी कप्पी अडकली आहे की दोर लांबला आहे ते बघायचं. वर पाणी साठलेलं असताना हँडलला हात लावायचा नाही. कापड ओलं असताना मिटावं लागलं तर घरी पोचल्यावर पहिली संधी मिळताच पुन्हा उघडून वाळवायचं, नाहीतर बुरशी धरते. आणि खांबांना टेकू लावल्याशिवाय छपराखाली कोणी जायचं नाही. दोर तुटतो तो बहुधा कप्पीपाशी, जिथे तो रोज वाकतो आणि जिथे सहज नजर जात नाही. आधी एखादी तार तुटते, मग तिच्या शेजारची. छप्पर तरीही वर चढत राहतं. निष्काळजी मालकाला ही यंत्रणा लगेच शिक्षा करत नाही, हीच तिची खोड.

मावळातल्या आंबी गावाच्या रस्त्यांवर अशी गाडी सहसा दिसणार नाही. महाराष्ट्र सरकारने 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं खरं, पण मावळात मुक्कामाला येणारी मंडळी अजून पवना धरणाच्या काठी तंबूतच झोपतात. तरीही या यंत्राचं दुखणं समजायला आंबीइतकी योग्य जागा क्वचितच मिळेल. गाव इंद्रायणीच्या काठी, तळेगाव दाभाड्याच्या औद्योगिक वसाहतीला खेटून. इथल्या घरांत कारखान्यात जाणारा माणूस असतो. प्रिव्हेंटिव्ह मेन्टेनन्स म्हणजे काय हे त्याला शिकवावं लागत नाही. आणि त्याच्या आजोबांना घर शेकारणं ठाऊक होतं. पाऊस अंगावर येण्याआधी कौलं उतरवायची, फुटकी बाजूला काढायची, वासे आणि रिपा ठोकून बघायच्या, आढ्यापासून पुन्हा नीट रचत यायचं. दरवर्षी. घाटमाथ्यावरच्या पावसापुढे एखादं वर्ष चुकवायची सोय नव्हती.

या दोन पिढ्यांच्या मधोमध एक जुना प्रश्न उभा आहे. जे मोडणारच आहे, गंजणारच आहे, उद्या मिटून ठेवायचंच आहे, त्याच्यासाठी माणसाने इतकं झिजावं का? आणि झिजला, तर ती आसक्ती म्हणायची की साधना?

या प्रश्नावरचा सर्वांत नेटका वाद एका गवळ्याने घातला आहे. सुत्तनिपात या बौद्ध ग्रंथात धनिय नावाचा गोपालक मही नदीच्या काठी राहतो. भात शिजलाय, दूध काढून झालंय, झोपडी शाकारलेली आहे, आत अग्नी पेटलेला आहे, तेव्हा आता हवा तेवढा पड, असं तो पावसाला सांगतो. त्याच काठावर एका रात्रीपुरते थांबलेले बुद्ध त्याला त्याच्याच चालीत उत्तर देतात. त्यांची झोपडी उघडी आहे, अग्नी विझलेला आहे, आणि तेही पावसाला हवं तर पड म्हणतात. दोघंही निर्धास्त. एक छप्पर नीट आहे म्हणून, दुसरा छपराची गरजच उरली नाही म्हणून. मग पाऊस कोसळतो, आणि धनिय आपल्या पत्नीसह बुद्धांना शरण जातो.

इथेच थांबलं तर निकाल सरळ लागतो. धम्मपदातही ज्ञानप्राप्तीच्या क्षणाचं वर्णन घराच्या मोडतोडीतूनच येतं: वासे मोडले, आढं कोसळलं, आता हे घर पुन्हा बांधलं जाणार नाही. विरक्तीला छपराचं वावडं आहे असंच कुणालाही वाटेल. पण बौद्ध ग्रंथांचा दुसरा गठ्ठा, म्हणजे भिक्षूंच्या नियमांचं विनयपिटक उघडलं की वेगळंच जग दिसतं. तिथे उपमेतलं घर संपतं आणि खरोखर गळणारं सुरू होतं.

पावसाळ्याचे तीन महिने भिक्षूंनी एका जागी राहायचं, हा वर्षावासाचा नियम. कुठे राहायचं याबद्दल विनय फारच बारकाईने बोलतो. उघड्यावर वर्षावास करायचा नाही. झाडाच्या ढोलीत नाही, छत्रीखाली नाही, मोठ्या रांजणातही नाही. हे सगळं कोणीतरी करून पाहिलं असणार, त्याशिवाय मनाई आली नसती! मात्र गवळ्यांच्या तळावर राहायची परवानगी आहे, आणि तळ हलला तर भिक्षूनेही त्याच्याबरोबर हलावं अशी मुभा आहे. व्यापाऱ्यांच्या तांड्याबरोबर राहता येतं, नावेतही राहता येतं. चाकांवरच्या घराला दोन हजार वर्षांपूर्वीच मान्यता मिळालेली होती म्हणायची. अट एवढीच की डोक्यावर खरं छप्पर हवं.

आणि छप्पर आलं की दुरुस्ती आली. संघात बांधकाम आणि डागडुजी पाहणारा भिक्षू नेमला जाई, त्याला नवकम्मिक म्हणत. विनयपिटकातल्या चुल्लवग्गात या पदाच्या गैरवापराच्या तक्रारी नोंदल्या आहेत. नुसता मातीचा एक गोळा लावला, भिंतीला थोडा गिलावा केला, की काही जण तेवढ्यावर वीस-तीस वर्षांसाठी विहाराची जबाबदारी, म्हणजे पर्यायाने राहायची उत्तम जागा, पदरात पाडून घेत. बुद्धांनी त्याला चाप लावला. लहान विहार असेल तर पाच-सहा वर्षं, मोठा असेल तर दहा-बारा. सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सभेला बसलेल्या कुणालाही हे प्रकरण ओळखीचं वाटेल.

मावळात छप्पर आणि त्याची निगा या दोन्हींचा पुरावा कार्ल्याच्या डोंगरात कोरलेला आहे. एकवीरेच्या देवळामागचं चैत्यगृह सुमारे 45 मीटर लांब आहे, आणि त्याच्या कमानदार छताला आतून सागवानी फासळ्या बसवलेल्या आहेत. त्यांतल्या मूळच्या काही फासळ्या दोन हजार वर्षांनंतरही जागेवर आहेत. या फासळ्यांनी काहीही उचललेलं नाही. वर अखंड कातळ आहे आणि त्याला आधाराची गरज नाही. लाकडाच्या छपरांखाली वाढलेल्या कारागिरांना छप्पर म्हटलं की फासळ्या आल्याच असं वाटत होतं, म्हणून त्यांनी दगडालाही त्या दिल्या. कॅम्परचं छप्पर जितकं कामापुरतं, तितकं हे कामाशिवायचं. पण गमतीची गोष्ट अशी की इथे जपावं लागतं ते लाकडालाच. दगडाचं तसं काही अडलेलं नाही.

कार्ल्याच्या शिलालेखांत वलूरक नावाने या लेण्यांचा उल्लेख येतो. क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याने इथे वर्षावास करणाऱ्या भिक्षूंच्या निर्वाहासाठी करजिक गाव दिल्याची नोंद तिथे आहे. दुसऱ्या एका लेखात हा मुलूख 'मामाल' म्हणून येतो, म्हणजे आजचा मावळच. नाशिकच्या लेण्यांत तर सातवाहन राजा वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या काळचा लेख आणखी स्पष्ट आहे: राणीच्या पुण्याईने कोरलेल्या लेण्याची निगा राखता यावी म्हणून गावाचं कायमचं उत्पन्न लावून दिलेलं. आधी दिलेलं गाव बदलून दुसरं दिल्याचीही त्यात नोंद आहे. सर्व काही अनित्य आहे असं शिकवणाऱ्या संघाकडे देखभालीसाठी कायमचा निधी होता. यात विसंगती शोधण्यापेक्षा त्या दात्यांचा व्यवहार जास्त लक्षात घेण्याजोगा आहे. कातळात लेणं कोरून झालं म्हणजे काम संपलं, असं त्यांना वाटलं नाही.

कारखान्यात आसक्ती की साधना हा प्रश्न दुसऱ्या वेषात येतो. खंडेनवमीच्या दिवशी तळेगाव-चाकणच्या शेडमध्ये गेलं तर लेथला झेंडूचा हार दिसतो, प्रेसवर कुंकवाची बोटं दिसतात, पायाशी नारळ फोडलेला असतो. शस्त्रं पुजायच्या दिवशी कामगाराने आपलं हत्यार पुजलं, यात विशेष काही नाही. विशेष आहे ते त्याआधीच्या काही तासांत. हार घालायचा म्हणून यंत्र बंद केलं जातं, साचलेला कीस काढला जातो, तेलकट काजळी पुसली जाते, एरवी कधी न उघडणारं झाकण उघडतं. त्या वेळी सैल झालेला बोल्ट दिसतो, घासलेला पट्टा दिसतो. पूजेने यंत्र टिकतं की नाही यावर वाद घालता येईल, पण पूजेच्या तयारीने ते टिकतं यावर कुठलाही फोरमन पैज लावील. श्रद्धाळू आणि नास्तिक दोघंही त्या दिवशी एकाच फडक्याने तेच यंत्र पुसत असतात.

अर्थात याची दुसरी बाजूही आहे. ज्या यंत्राला दरवर्षी हार चढला पण ज्याच्या तपासणीच्या तक्त्यावर न बघताच सह्या झाल्या, त्याला हार म्हणजे निव्वळ लाच. आणि पूजा झाली म्हणून काही कायम राहत नाही. तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना 2008 मध्ये सुरू झाला, 2020 च्या अखेरीस तिथलं उत्पादन थांबलं, पुढे तो ह्युंदाईने घेतला. तिथल्या कामगारांना अनित्यतेवर वेगळं प्रवचन नको असेल.

छप्पर उचलणं हीच धर्माज्ञा झाल्याचं उदाहरण मात्र ज्यू परंपरेत सापडतं. सुक्कोथच्या सणात सात दिवस घराबाहेर मांडव घालून त्यात जेवायचं, जमेल तर झोपायचं, वाळवंटातल्या भटकंतीची आठवण म्हणून. कोकणातून मुंबई-पुण्यात आणि पुढे इस्रायलला गेलेल्या मराठी बेने इस्रायल कुटुंबांनाही हा सण परका नाही. पुण्याच्या रास्ता पेठेतल्या त्यांच्या प्रार्थनामंदिराच्या 'सुक्कथ शेलोमो' या नावातही तोच मांडव आहे. मांडवाचं छत झाडापासून तोडलेल्या फांद्या-पानांचं हवं, उन्हापेक्षा सावली जास्त पडेल इतकं दाट हवं, पण घराच्या छतासारखं पक्कं असता कामा नये. त्यावर दुसरं पक्कं छत असलं तर तो मांडव मांडवच राहत नाही.

अडचण पावसाची. युरोपातल्या थंड, ओल्या प्रदेशांत लोकांनी त्यावर तोडगा काढला तो थेट कॅम्परच्या जातीचा. पानांच्या छतावर बिजागरीचं दुसरं झाकण बसवायचं. पाऊस आला की बंद, पाऊस थांबला की दोरी ओढून वर. जर्मनीतल्या काही जुन्या घरांत तर माळ्यावरच्या छपराचा एक भाग असा उघडणारा केलेला असे. झाकण मिटलेलं असताना खाल्लेला घास धर्माच्या हिशेबात मांडवातला धरला जात नाही, उघडल्यावरचा धरला जातो. म्हणजे इथे दोरी आणि कप्पी नीट चालणं ही केवळ सोय राहिली नाही. दोरी अडकली तर आज्ञा पाळलीच गेली नाही. एरवी छप्पर मिटल्याने माणूस सुरक्षित होतो, इथे ते उघडल्याने कृतार्थ होतो. आणि माणसाचं घर कच्चं आहे याची जाणीव जपण्यासाठी ती बिजागरी पक्की ठेवावी लागते. एवढ्या सरळ उदाहरणाकडे तत्त्वज्ञांचं फारसं लक्ष गेलेलं नाही याचं नवल वाटतं.

निगा राहिली नाही की काय होतं, तेही जवळच दिसलं. आंबीहून फार लांब नाही, अशा कुंडमळ्यात 15 जून 2025 रोजी, रविवारी दुपारी, इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीसकट कोसळला. चार जणांचा मृत्यू झाला, पन्नासहून अधिक जखमी झाले. पूल सुमारे 30 वर्षांचा होता, गंजलेला होता. अशा बातमीनंतर दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. एक, गर्दी करणाऱ्यांनी अक्कल वापरायला हवी होती. दुसरं, ज्यांची वेळ भरली होती ते गेले. पहिल्यात निदान माणसाकडे बोट आहे. दुसरं वाक्य धार्मिक वाटतं आणि म्हणूनच ते जास्त तपासून घ्यायला हवं.

संयुत्तनिकायात सीवक नावाचा परिव्राजक बुद्धांना हेच विचारतो: माणसाला जे जे भोगावं लागतं ते सगळं पूर्वकर्मामुळेच, असं काही श्रमण-ब्राह्मण म्हणतात, त्याचं काय? बुद्ध ते मान्य करत नाहीत. ते वेदनेची आठ कारणं मोजतात. पित्त, कफ, वात, या तिन्हींचा मिलाफ, ऋतूतला बदल, नीट काळजी न घेणं, बाहेरून झालेला आघात, आणि शेवटी आठव्या क्रमांकावर कर्माचा विपाक. त्यांचा संदर्भ शरीराचा आहे, पुलाचा नाही. तरी सातवी जागा ओलांडून आठवीवर उडी मारू नये ही शिस्त पुलालाही लागू पडावी. गंजाचं कारण पाणी आणि हवा. गंज वाढण्याचं कारण न केलेली तपासणी. तिथे पूर्वजन्म आणायला जागाच उरत नाही.

मराठीत काम करत राहण्याच्या बाजूने सगळ्यात दणकट युक्तिवाद लोकमान्य टिळकांनी केला. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेला आणि 1915 मध्ये प्रसिद्ध झालेला 'गीतारहस्य' हा ग्रंथ संन्यासमार्गी भाष्यकारांशी एकाच मुद्द्यावर भांडतो: ज्ञान झाल्यावरही माणसाने कर्म सोडू नये, लोकसंग्रहासाठी ते करत राहावं. टिळकांच्या मनात देशकार्य होतं हे उघड आहे. पण लोकसंग्रहाचा सर्वांत साधा, सर्वांत कंटाळवाणा प्रकार शोधायचा तर तो देखभालच ठरेल. तिचं उद्घाटन होत नाही, तिची कोनशिला बसत नाही, आणि ती उत्तम झाली तर काहीच घडत नाही. फळाची आशा सोडायला याहून चांगली शाळा सापडणं कठीण.

राहता राहिला तो दोर बदलायचा प्रश्न. कॅम्परचा एक दोर तुटला तर जाणकार चारही बदलायला सांगतात, कारण बाकीच्यांचं वयही तेच असतं. पाठोपाठ कप्प्या बदलतात, मग विंच, मग कापड. मिलिंद राजाला भिक्षू नागसेनाने रथाबद्दल जे विचारलं तेच इथे विचारता येतं: चाक म्हणजे रथ का, आस म्हणजे रथ का, जू म्हणजे रथ का? नाही, आणि या सगळ्यांपलीकडेही रथ नाही. भाग जुळलेले असताना आपण त्याला रथ म्हणतो एवढंच. हे नुसतं ऐकून पटायला अवघड आहे. दर उन्हाळ्यात एकेक भाग काढून नवा बसवणाऱ्याला ते हातानेच कळतं. जपानमधलं इसे इथलं देवस्थान दर 20 वर्षांनी शेजारच्या जागेवर नव्याने उभारतात, 2013 मध्ये बासष्टाव्यांदा उभारलं, आणि तिथे जुनं देऊळ कुठे गेलं असं कोणी विचारत नाही.

आषाढी वारीच्या दिंड्यांचंही तसंच. देहूहून पालखी निघाली की सामानाचे ट्रक पुढे जातात, मुक्कामावर राहुट्या उभ्या राहतात, पहाटे उतरतात आणि पुढच्या गावी पुन्हा उभ्या राहतात. खांब, दोर, मेखा सांभाळणारी माणसं दिंडीत वेगळी असतात आणि कीर्तनाला त्यांना बहुधा उशीर होतो.

विनयपिटकात निघणाऱ्या भिक्षूसाठी एक वेगळं प्रकरण आहे. विहार सोडताना लाकडी आणि मातीची भांडी आवरून ठेवायची, दारं-खिडक्या लावायच्या, कुणाला तरी सांगून जायचं. भिक्षू नसेल तर श्रामणेराला, तो नसेल तर आवारातल्या कामकऱ्याला. विहार गळत असेल तर जमल्यास स्वतः शाकारायचा, नाहीतर तो कसा शाकारला जाईल याची खटपट करायची. तेही झालं नाही तर जिथे गळत नाही त्या कोपऱ्यात चार दगडांवर खाट ठेवायची, तिच्यावर खाट, वर अंथरुणांचा ढीग. सगळाच विहार गळत असेल तर सामान गावात नेऊन ठेवायचं. जाणारा भिक्षू परत येईलच असं नाही, पुढे कोण येणार हेही त्याला ठाऊक नसतं. त्याने या जागेत मन गुंतवलं होतं का, असं या प्रकरणात त्याला कुठेच विचारलेलं नाही. खाट कुठे ठेवली, एवढंच विचारलं आहे.